सिराज मुलाणीचे कान

पिरंगुटच्या कारखान्यात सिराज मुलाणी प्रत्येक नव्या साउंड बॉक्सला उदबत्ती ओवाळतो, ही गोष्ट मुळशीतल्या निम्म्या मंडळांना ठाऊक होती. बॉक्स न्यायला आलेली पोरं मोबाइल काढून फोटो घ्यायची आणि म्हणायची, “मुलाणीचाचा, आरती बी येती का?” सिराज हसायचा आणि हातातलं काम चालू ठेवायचा.

त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. बॉक्समध्ये स्पीकर बसला की तो त्यावर एक जाड, घुमणारा सूर लावायचा आणि पेटती उदबत्ती सांध्यांच्या कडेकडेनं फिरवायचा. जिथं धूर थरथरला तिथं फट. मग भुसा आणि गोंद कालवून ती फट भरायची. फट राहिली तर बॉक्स वाजताना आतली हवा तिथून निसटते, बारीक शीळ वाजते, आणि शीळ घालणारा बॉक्स गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आणून आपटतं. उदबत्तीची युक्ती नामी होती, नाही कशाला म्हणा. फक्त ती का लागते हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ती शीळ सिराजला ऐकू येत नव्हती.

सिराज मूळचा पौडचा. मामाच्या हाताखाली तो दारं, खिडक्या, पाट आणि देव्हारे करायला शिकला, आणि त्याच मामाच्या पडवीत त्याला आनंदा ओव्हाळ भेटला. आनंदा विहारामागच्या आळीतला, सिराजहून दोन वर्षांनी मोठा, आवाजाने घोगरा आणि स्वभावाने तापट. दोघांनी शेजारी शेजारी बसून रंधा मारायला सुरुवात केली ती पस्तीस वर्षं सोडली नाही. लग्नं झाली, पोरं झाली, मामा गेला, गावात तयार दारं टेम्पोने यायला लागली. तेव्हा दोघं मिळूनच पिरंगुटला कैलासशेठच्या कारखान्यात लागले. एकाला काढलं तर दुसरा आपोआप जाईल, हे कैलासशेठने पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

तिथं सिराजच्या कानांचं नाव झालं. प्लायवूडच्या फळीवर बोटाचं पेर वाजवून तो सांगायचा की आत कुठं पोकळ आहे. फळी उभी चिरली तर पोकळी बरोबर तिथंच निघायची. पुढं आठ वर्षांपूर्वी कारखान्यात सीएनसी राउटर आलं. कॉम्प्युटरवर नकाशा चढवायचा आणि ते यंत्र फळीवर आपलं आपण फिरून कापत सुटायचं. कानामागून आलं आणि तिखट झालं. चार जुने सुतार घरी गेले. सिराजला मात्र कैलासशेठने स्वतः त्या यंत्रावर बसवलं. “कॉम्प्युटर कुणीबी शिकंल,” ते म्हणाले. “बिट कधी रडतंय ते सिराजभाईलाच कळतं.”

बिट म्हणजे यंत्राच्या तोंडातलं कापायचं पातं. ते बरं चाललं असेल तर एका सुरात गातं. बोथट झालं, फळी हलली, काही अडलं, की किंचाळतं. किंकाळी ऐकली की लाल बटण दाबायचं, नाहीतर काहीतरी मोडतं. आता अशा यंत्रासमोर आठ आठ तास उभं राहायचं तर कानांवर टोप्या लावाव्यात. टोप्या होत्याही, खिळ्याला टांगलेल्या. पण कान झाकले तर बिट कसं ऐकू येणार? म्हणून सिराजने त्या कधी लावल्या नाहीत. ज्या कानांवर त्याचं पोट होतं तेच कान त्याने रोज थोडे थोडे त्या यंत्राला खाऊ घातले.

आधी कुकरची शिट्टी गेली. मग पाखरं गेली, पण पाखरं गेलेली कुणाच्या लक्षात येतात? मग तमन्नाचा आवाज गेला. तमन्ना त्याची एकुलती लेक, भोरला दिलेली. तिचा फोन आला की सिराज स्क्रीनवरचा तिचा फोटो बघायचा, “बरी हाईस ना?” म्हणायचा आणि फोन बायकोच्या हातात द्यायचा. “तूच बोल, मला काम हाय.” लेक म्हणायची, अब्बा आताशा माझ्याशी बोलत नाहीत. हुसेनबी काय सांगणार? तिला घरात सगळं कळलं होतं. ती चुलीपाशी बसून “ऐकलं का” म्हणायची आणि मग स्वतःच उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची.

गडीमाणसांचे जाड आवाज त्याला शांततेत कळायचे. बाकीच्यांचे ओठ बघून तो मान हलवायचा. यंत्र चालू झालं की मात्र जगात कुणाचाच आवाज उरायचा नाही. त्याने मोटारसायकल विकली आणि कंबर धरते म्हणून सांगितलं. कैलासशेठला कळलं तर यंत्रावरून उठवतील, आणि बावन्नाव्या वर्षी बहिऱ्या सुताराला कोण उभं करणार, हा त्याचा हिशेब. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाशी म्हणायचा. पाच वर्षं म्हणत राहिला.

आनंदाला ते कधी कळलं हे सिराजला माहीत नव्हतं. एका दुपारी तो तयार बॉक्सवर ओणवून उगाच कान लावल्यासारखं करत होता, तेव्हा आनंदा आला, त्याने खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि न बोलता त्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून आनंदा यंत्राच्या पलीकडं, सिराजच्या बरोबर समोर उभा राहायला लागला. बिट किंचाळलं की आनंदाचा डावा हात वर. हात वर गेला की सिराज बटण दाबणार. यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. दोन शहाण्यांनी मिळून केलेला मूर्खपणा फार दिवस टिकतो, तसा तोही टिकला.

आणखी एक मूर्खपणा होता, तो त्यांच्या सुतारकीचा. गोल भोक कापताना शहाणी माणसं शेवटी तीन-चार ठिकाणी थोडं लाकूड न कापता ठेवतात. त्याला कारखान्यात टाके म्हणत. टाक्यांमुळं आतली चकती जागेवर धरून राहते. नंतर ते टाके हाताने तोडायचे आणि कड घासायची. पण घासलं तरी जाणत्याला खूण दिसतेच, आणि आपल्या कडेला खूण दिसणं हा या दोघांना अपमान वाटायचा. म्हणून ते टाके ठेवत नसत. चकती पूर्ण कापायची, आणि शेवटच्या फेरीला आनंदाने उजव्या हातातल्या लांब लाकडी पट्टीने ती दाबून धरायची. चकती सुटली की बिट क्षणभर किंचाळायचं, आनंदाचा हात वर जायचा, सिराज बटण दाबायचा. अशी हजारो भोकं पडली होती. कड आरशासारखी यायची आणि दोघं तिच्यावरून बोट फिरवून बघायचे.

गेल्या माघात आनंदाचा मुलगा अभय घरी आला. तो हिंजवडीला एका कंपनीत होता आणि जांब्याला खोली घेऊन राहायचा. त्याने कुणाकडून तरी बारा इंची स्पीकर घेतला होता. नुसता स्पीकर, बॉक्सशिवाय. लॅपटॉपवर नेटवरून उतरवलेला बॉक्सचा नकाशा होता.

“तयार मिळतो की,” आनंदा म्हणाला.

“मिळतो. पण माझे पप्पा आणि सिराजकाका दिवसभर तेच करतात, मग मी दुकानातून कशाला आणू?”

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर सिराज मागं बसला तेव्हा घोटवडे फाट्याला आनंदाने गाडी कडेला घेतली, मागं वळला आणि सिराजला तोंड दिसेल असं म्हणाला, “पोरानं पयल्यांदा माज्या हातचं काय तरी मागितलं.” शाळेत असताना अभय बापाच्या अंगाला भुशाचा वास येतो म्हणून पालकसभेला त्याला नेत नसे. सिराजला ते ठाऊक होतं.

कैलासशेठने रविवारी यंत्र वापरायला परवानगी दिली. अभयने शनिवारीच नकाशा आणून दिला होता. सिराजने तो उघडला, खाचांची मापं बघितली आणि फळीची जाडी मोजली. “पोरा, हे अठरा एमएम परदेशातलं हाय,” तो म्हणाला. “आपलं अठराचं प्लायवूड सतराच भरतंय. असंच कापलं तर सगळे सांधे ढिले बसतील.” त्याने बसून एक एक खाच बदलली. अभय शेजारी उभा राहून बघत होता. “काका, हे तुम्ही कुठं शिकलात?” त्याने विचारलं. सिराजला ओठ दिसले नव्हते. त्याने हसून मान हलवली.

रविवारी सकाळी कारखान्यात दोघंच होते. बाजूच्या फळ्या झाल्या, वरखालच्या झाल्या, आतला आडवा आधार झाला. खाचा अशा बसल्या की गोंदाशिवायही बॉक्स उभा राहिला असता. राहिली पुढची फळी, जिच्यात स्पीकरचं भोक पडणार होतं. ती फळी जरा बाक खाल्लेली होती. स्क्रू मारूनही मध्ये उचलत होती.

सिराजने बोटाने फळीवर चार ठिपके दाखवले. “आज टाके ठिवू?”

“पोराच्या बॉक्सला टाके?” आनंदा म्हणाला. “काय तरीच.”

यंत्र चालू झालं. घामाने धूळ चिकटत होती म्हणून आनंदाने डोळ्यांवरचा कामाचा चष्मा कपाळावर सरकवला होता. सिराजला ते दिसत होतं. तसं तो नेहमीच करायचा. बिट गोल गोल फिरत खाली उतरत गेलं. शेवटची फेरी आली तेव्हा आनंदाने पट्टी चकतीवर टेकवली, पण फळी उचलत होती म्हणून त्याला दोन्ही हातांनी रेटावं लागलं. दोन्ही हात पट्टीवर होते. हे सिराजने बघितलं आणि त्याचा अर्थ त्याला कळला नाही. नवा नकाशा होता, किती काम उरलंय हे बघायला त्याने नजर स्क्रीनकडं वळवली. तिथं बारा सेकंद दिसत होते. त्याने ते अकरा होताना पाहिले, दहा होताना पाहिले.

नजर वर केली तेव्हा आनंदाचं तोंड उघडं होतं.

ते कितीदा उघडलं आणि मिटलं हे सिराजला आजही सांगता येत नाही. त्याने बटणावर हात मारला. तोवर चकती उचलली गेली होती, बिटात अडकून मोडली होती आणि बिटही मोडलं होतं. यंत्र थांबलं. आनंदा खाली बसला होता आणि उजव्या डोळ्यावर दोन्ही तळवे दाबून होता. बोटांतून रक्त येत होतं. पुढच्या फळीवरचं भोक मात्र पूर्ण कापलं गेलं होतं.

पुण्याच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा गेला म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी कैलासशेठ आले. खाटेच्या एका बाजूला अभय होता, एका बाजूला आनंदाची बायको भीमाबाई, आणि सिराज पायथ्याशी उभा होता.

“झालं कसं?” कैलासशेठने विचारलं. “किती वर्षं करताय हे काम. सिराजभाई बटणापाशी, तुमी पट्टीला. हाक न्हाई मारली का?”

सिराजने हा प्रश्न बघितला. उत्तर त्याच्याकडं होतं. त्याने तोंडही उघडलं होतं.

“न्हाई मारली,” आनंदा खाटेवरून म्हणाला. त्याचा घोगरा आवाज त्या खोलीत सिराजला स्पष्ट ऐकू आला. “वाटलं, व्हईल आपलं. माजीच चूक. चष्मा बी वर व्हता.”

सिराजने तोंड मिटलं. त्याच्या बाजूने दोन शब्द लिहावेत असं मला पुष्कळदा वाटलं, पण लिहिण्यासारखं काही नाही. तो भ्याला. आयुष्यभर शेजारी बसलेला माणूस त्याच्यासाठी खोटं बोलला आणि त्याने ते घेतलं, मुकाट.

कैलासशेठने अपघाताच्या वहीत ‘कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं. एका डोळ्याच्या माणसाला करवतीजवळ उभं करता येणार नाही हेही त्यांनी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण अभयचं वागणं सगळ्यात वाईट होतं. तो बापाला औषधं द्यायचा, हात धरून संडासला न्यायचा, आणि मध्येच म्हणायचा, “पप्पा, नुसतं ओरडायचं होतं. एकदा. तेवढंही कसं सुचलं नाही तुम्हाला?” त्याच्या बॉक्सपायी हे झालं होतं, ते त्याला सहन होत नव्हतं, म्हणून तो बापावर चिडायचा. आनंदा भिंतीकडं तोंड करायचा. पस्तीस वर्षांत ज्याच्या कामाला कुणी बोट लावलं नव्हतं, तो पौडच्या चहाच्या टपरीवर निष्काळजी माणूस झाला. “वय झालं की ध्यान ऱ्हात न्हाई,” लोक म्हणायचे. सिराज तिथंच बसलेला असायचा. तो मान हलवायचा.

दोन आठवडे गेले. सिराज बसने कामाला जायचा आणि आता न चुकता टाके ठेवायचा. घरी आला की अंगणात बसून अभयचा बॉक्स जोडायचा. कापलेल्या फळ्या त्याने स्वतःच उचलून आणल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं. पुढची फळी धुऊन काढली तरी भोकाच्या कडेला तपकिरी डाग राहिला होता. तो घासून काढताना त्याचा हात चालेना. हुसेनबी उंबऱ्यावर बसून बघायची. “सांगून टाका,” ती एकदा त्याच्यासमोर येऊन म्हणाली. तो म्हणाला, “उद्या.” तिने परत विचारलं नाही.

रविवारी सकाळी तो असाच अंगणात, रस्त्याकडं पाठ करून, बॉक्सच्या आतल्या कोपऱ्यात गोंद भरत होता. हुसेनबी समोर तांदूळ निवडत होती. मध्येच तिचा हात थांबला. ती त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. सिराजने तिच्याकडं बघितलं, मग मागं वळला.

भीमाबाई उभी होती. दोन हातांवर. कधीपासून उभी होती हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

ती पुढं आली नाही. तो बघतोय अशी खात्री केली आणि मग सावकाश, एक एक शब्द वेगळा करून बोलली. म्हणजे तिला कसं बोलायचं तेही कळलं होतं.

“चार हाका मारल्या, सिराजभाऊ. त्यांनी किती मारल्या व्हत्या?”

सिराजने हातातली गोंदाची पट्टी खाली ठेवली.

“म्हाईत न्हाई, वहिनी,” तो म्हणाला. “मला आल्याच न्हाईत.”

“मला वाटलंच,” भीमाबाई म्हणाली. “तीस वर्षं मी त्या माणसाचं वरडणं ऐकलंय. मीठ कमी पडलं तरी आळीला कळतं. आन तो म्हणतोय हाक न्हाई मारली.” ती रडत नव्हती. “डोळा गेला तो गेला. पन पोरगं त्याला रोज नालायक म्हणतंय आन तो ऐकून घेतोय. ते मला बघवत न्हाई. मी कुनाला सांगणार न्हाई. तुमीच सांगा.”

हुसेनबीने उठून तिला आत ये म्हटलं. ती आली नाही. आली तशी विहाराच्या रस्त्याने निघून गेली.

सोमवारी कारखाना उघडायच्या आधी सिराज कैलासशेठच्या टेबलापुढं उभा राहिला आणि सगळं सांगितलं, कुकरच्या शिट्टीपासून. कैलासशेठने वही काढली, ती ओळ खोडली आणि वर सिराजचं नाव लिहिलं. शिव्या देतील असं सिराजला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला आधी सांगितलं असतंत,” ते म्हणाले, “तर दुसरं एक लाल बटण वायर ओढून आनंदाच्या पायाशी बसवलं असतं. आन वर एक दिवा. वीस मिनिटांचं काम हाय, सिराजभाई. मी काय तुमाला उठवणार व्हतो?”

खरंच उठवलं नसतं की आता बोलायला सोपं म्हणून बोलतायत, हे कुणी सांगावं? पण दुपारी वायरमन आला आणि त्याने पलीकडच्या बाजूला बटण बसवलं, दिवाही लावला. वीस मिनिटंही लागली नाहीत. यंत्रावर दुसरा माणूस आला. सिराजला मागच्या शेडमध्ये टाके तोडून कडा घासायला बसवलं. तिथं कानांचं काम नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी तो हुसेनबीला घेऊन आनंदाच्या घरी गेला. बॉक्स तयार झाला होता, पण तो नेला नाही. आनंदा खाटेवर काळा चष्मा लावून बसला होता, अभय दाराशी खुर्चीवर होता. सिराज जमिनीवर बसला. त्याने कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

“अभय,” तो म्हणाला, “मला पाच वर्षं नीट ऐकू येत न्हाई. तुज्या बापानं हाक मारली व्हती. तोंड उघडं बघितलं मी. त्याची काय चूक न्हाई. इस्पितळात मी गप बसलो.”

एवढं बोलून तो फरशीकडं बघत राहिला. बराच वेळ त्याला फरशीच दिसत होती. खोलीत काही बोलणं होत असणार हे त्याला ठाऊक होतं, पण त्याने मान वर केली नाही. शेवटी वर बघितलं तेव्हा अभय बापासमोर उभा होता आणि काहीतरी विचारत होता, आणि आनंदा भिंतीकडं नाही तर पोराकडं बघून उत्तर देत होता. उत्तर छोटं होतं. ते संपलं तसा भीमाबाईचा पदर तोंडाला गेला. अभय दाराबाहेर गेला आणि तिथं पायरीवर डोकं धरून बसला. आनंदाने सिराजकडं बघितलंही नाही. “च्या टाक,” तो बायकोला मोठ्याने म्हणाला, आणि हे मात्र सिराजला ऐकू आलं.

चहा झाला. दोन्ही घरांत जे बोलायचं राहिलं होतं ते तसंच राहिलं. निघताना आनंदाने उठायचा प्रयत्न केला आणि खाटेचा कोपरा त्याच्या मांडीला लागला. त्या बाजूचं त्याला आता दिसत नव्हतं.

रस्त्याला लागल्यावर सिराज थांबला. “अभय काय म्हणला त्याला?”

हुसेनबी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, भर उन्हात, तोंड नीट दिसेल अशी. “म्हणला, तुमाला म्हाईत व्हतं ह्यांना ऐकू येत न्हाई, मग त्या मशिनीपुढं उभं कशाला ऱ्हायलात?”

“आन आनंदा?”

“म्हणले, मी न्हाई तर दुसरं कोण उभं ऱ्हाणार व्हतं त्याच्यासमोर?”

सिराज तिथंच उभा राहिला. मागून एक मोटारसायकल हॉर्न वाजवत आली. हुसेनबीने त्याला दंडाला धरून कडेला घेतलं.